गोदोमध्ये जिनिंगची बंद खोली: बंद ड्रॉवरमधली चावी हाती लागते, कंदील लावला की गेम रांगतो

सरकीढेप

नमस्कार मंडळी. गोदो ४ या गेम बनवायच्या इंजिनमध्ये फर्स्ट पर्सन (खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारी) एस्केप रूम बनवते आहे. जागा एकच: यवतमाळकडच्या खेड्यातलं जुनं जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना), साल १९५२. खेळणारा दिवाणजीच्या खोलीत अडकलाय, अर्ध्या तासात बाहेर पडायचं. टेबलाला तीन ड्रॉवर, लोखंडी तिजोरी, तराजू, रोजकीर्दीच्या वह्या, खिडकीतून दिसणारी जिन-यंत्रांची रांग. मॉडेलं ब्लेंडरमध्ये झाली आहेत, चालणं-बघणंही झालंय. लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. गेम एवढ्याच ताकदीच्या मशीनवर चालायला हवा, कारण तो गावातल्या अभ्यासिकेतल्या कॉम्प्युटरवर ठेवायचा आहे.

अडलंय ते सांगते. ड्रॉवर बंद असतानाही आतली चावी उचलता येते, आणि उघडल्यावर मात्र कधी हाती लागते, कधी नाही. ड्रॉवरच्या मुठीला आणि चावीला लेयर (टक्कर ओळखायचा गट) ३ दिलाय, समोर काय आहे ते शोधणाऱ्या किरणाचा, म्हणजे रेकास्टचा, मास्कही (कोणते लेयर दिसावेत त्याची यादी) फक्त ३ आहे.

दुसरं, आकड्यांच्या कुलपाची चकती ९ वरून ० वर जाताना उलटी गरगर फिरते.

तिसरं, खोलीत तीन कंदील आहेत, ओम्नी लाईट (सगळीकडे उजेड टाकणारे), सावली चालू. तिन्ही लावले की सेकंदाला १४ फ्रेम मिळतात.

चौथं, तिजोरीला अक्षरांचं कुलूप आहे. तीन चकत्या, शब्द "पऱ्हाटी". पण स्ट्रिंगची लांबी ७ येते आणि जुळणी कधीच होत नाही.

शेवटचं म्हणजे रोजकीर्दीचं कोडं कुणालाच सुटत नाही. वहीत "कापूस ५०० किलो" आहे. त्यातून ३४ टक्के रुई, म्हणजे १७० किलो, म्हणजे एक गाठ, असं काढायचं आहे.

कडीकोयंडा

चावीचं आधी. मास्क फक्त ३ असेल तर किरणाला भिंत, टेबल, ड्रॉवरची पाटी काहीच दिसत नाही. तो सगळ्यातून आरपार जाऊन थेट चावीला लागतो. मास्कमध्ये १ (भिंत, टेबल मुळात यावरच असतात) आणि ३ दोन्ही घ्या, खेळणाऱ्याचं शरीर २ वर ठेवा आणि २ मास्कबाहेर. मग किरण ज्याला पहिल्यांदा लागेल ती वस्तू हाताळण्याजोगी आहे का ते ग्रुपवरून तपासा. पहिली लागलेली वस्तू ड्रॉवरची पाटी असेल तर चावी मिळणार नाही, हेच हवंय.

हे केलं की लगेच दुसरं दुखणं वर येईल: चावी उघड्या ड्रॉवरमधूनही मिळेनाशी होईल. ब्लेंडरमधून आणलेल्या ड्रॉवरला एकसंध कॉन्व्हेक्स कोलिजन (टकरीसाठीचा फुगीर आकार) दिलं असेल, तर त्यात पोकळी उरत नाही. इंजिनच्या लेखी तो भरीव ठोकळा असतो आणि चावी त्या ठोकळ्याच्या पोटात. कॉन्व्हेक्स काढून टाका आणि पाच बॉक्स शेप द्या: तळ एक, बाजू चार. पाट्यांची जाडी खऱ्या फळीपेक्षा थोडी जास्त ठेवली तरी बिघडत नाही.

उघडल्यावर कधी लागते, कधी नाही, याचं कारण चावीचा शेप (टकरीसाठीचा आकार) चावीएवढाच असणं. सहा सेंटिमीटरची पातळ चावी दीड मीटरवरून स्क्रीनच्या मध्यबिंदूत धरायची म्हणजे नेमबाजी झाली. दिसायला चावी तशीच ठेवा, शेप मात्र १२ बाय १२ सेंटिमीटरचा, ४ सेंटिमीटर उंच असा बॉक्स करा. तो ड्रॉवरच्या पाटीतून बाहेर येत नाही ना, तेवढं बघा, नाहीतर बंद ड्रॉवरमधूनही शेपचं टोक बाहेर डोकावेल. पक्कं काम हवं तर ड्रॉवर पूर्ण उघडेपर्यंत चावीचा शेप डिसेबल्ड ठेवा आणि ट्वीन (हळूहळू सरकवणारं अॅनिमेशन) संपल्यावर सेट-डिफर्ड या फंक्शननं चालू करा. चावी ड्रॉवरच्या नोडखालीच असू द्या, म्हणजे त्याच्याबरोबर सरकेल.

आणखी तीन जागा तपासा. रेकास्ट कॅमेऱ्याखाली हवा आणि टार्गेट पोझिशन शून्य, शून्य, उणे २ हवी. नवा रेकास्ट मुळात खाली बघत असतो आणि गोदोत कॅमेऱ्याचं समोर म्हणजे उणे झेड. ब्लेंडरमध्ये एक्सपोर्टच्या आधी कंट्रोल ए दाबून स्केल अप्लाय करा, कारण कोलिजन शेपवर तिन्ही दिशांना वेगवेगळं स्केल बसलं की टक्कर चुकीच्या जागी होते आणि एडिटर पिवळा त्रिकोण दाखवतो. आणि माऊसच्या हालचालीला कुठे डेल्टानं (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) गुणलं असेल तर ते काढा. रिलेटिव्हमध्ये माऊस किती सरकला ते आधीच आलेलं असतं. डेल्टा लावला की फ्रेम कमी-जास्त झाल्यावर मान कधी जड, कधी हलकी वाटते, आणि दोष लोक किरणाला देतात.

चकती: आकडा आणि कोन वेगळे ठेवा. दहा आकडे म्हणजे एका घराला ३६ अंश. आकडा रॅप-आय हे फंक्शन वापरून ० ते ९ मध्ये फिरू दे, पण कोनात दरवेळी ३६ मिळवत जा. ३२४ नंतर ३६०, मग ३९६. तुम्ही ९ नंतर कोन परत शून्य करता, म्हणून ट्वीन ३२४ वरून उलटा शून्यापर्यंत येतो. आणि कुलूप उघडलं का हे नेहमी आकड्यावरून ठरवा. कोनावरून ठरवलं तर चकती फिरत असतानाच दुसरा क्लिक पडला की ती दोन घरांच्या मध्ये अडकते.

वऱ्हाडीइंजिन

ताई, तीन ओम्नी दिवे न तिन्हीले सावली, मंग १४ फ्रेम भेटतात हेच लय झालं! ओम्नीची सावली म्हणजे दिव्याच्या जागेवरून चारी बाजूनं खोली पुन्हा काढा लागते. क्यूब मोडमध्ये एका दिव्याले सहा डाव. तीन कंदील म्हणजे अठरा. स्पॉट लाईटले एकच डाव. शिवाय कॉम्पॅटिबिलिटी रेंडररमध्ये (चित्र काढाची जुन्या मशीनसाठीची पद्धत) सावलीवाला दर एक दिवा आपल्या उजेडातल्या वस्तू आणखी एक डाव काढाले लावते.

रेंडरर कॉम्पॅटिबिलिटीच ठेवा. चौथ्या पिढीच्या इंटेलले विंडोजवर व्हल्कनचा (ग्राफिक्सशी बोलाची नवी पद्धत) भरवशाचा ड्रायव्हर नाई, फॉरवर्ड प्लस या जड रेंडररच्या मांगं लागू नोका.

आता उजेडाचं. जे दोन कंदील खेळणारा हलवतच नाई, ते बेक करून टाका, म्हंजे त्यायचा उजेड आधीच मोजून भितीवर पक्का करून ठेवा, लाईटमॅप-जीआय नोडनं. बेक कराले व्हल्कन चालणारं मशीन लागन, सहाव्या पिढीचं इंटेल असलं तरी चालन. पण बेक झालेला उजेड दाखवाले तुमचा लॅपटॉप पुरते. म्हणून प्रोजेक्ट पेन ड्राईव्हवर न्या, तिकडं बेक करा न परत आणा. नेताना आतलं डॉट-गोदो नावाचं फोल्डर सोडून द्या. ते नुसतं कॅशे हाये, दुसऱ्या मशीनवर आपोआप बनते, अन् जागा उगाच खाते. दोन्हीकडं गोदोची आवृत्ती मात्र एकच पाह्यजे. बेकच्या आधी इम्पोर्टमध्ये लाईट बेकिंग "स्टॅटिक लाईटमॅप्स" करा, नाईतर दुसरा यूव्ही (उजेड कुठं चिकटवाचा त्याचा नकाशा) बनत नाई न मॉडेल काळं राहते.

जो कंदील खेळणाऱ्याले विझवता येते, त्याचा बेक मोड डिसेबल्ड ठेवा. काहून की तो स्टॅटिक म्हणून भाजला गेला तर वात विझली तरी भितीवरचा उजेड तसाच राहते. त्याच एका दिव्याले सावली द्या, न जमलं तर ओम्नीच्या जागी वरून खाली पाहणारा स्पॉट लावा, कोन ७० च्या आसपास. तिजोरी न ड्रॉवर हलतात, त्यायले स्टॅटिक करू नोका, नाईतर ड्रॉवर उघडला की त्याची जुनी सावली टेबलावर चिकटलेली दिसन.

हे सारं करूनही कमी पडलं तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये थ्रीडी स्केलिंग ०.७५ करा. पिक्सेल ५६ टक्केच काढा लागतात अन् वरची अक्षरं तशीच ठसठशीत राहतात, कारण ते स्केल टूडीले लागत नाई. मॅक्स एफपीएस ३० वर बांधून टाका. कोड्याच्या गेमले तेवढं पुरते, लॅपटॉपही तापत नाई.

अन् टेक्श्चर (मॉडेलवर चिकटवाची चित्रं) किती मोठे घेतले ते सांगितलंच नाई तुम्ही. ४०९६ चं एक टेक्श्चर कॉम्प्रेस न करता ६४ एमबी, मिपमॅप (त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून ८५ च्या घरात. अंगभूत ग्राफिक्स तुमच्याच रॅममधून खाते. भितीले १०२४, दौत-टाकाले २५६, न इम्पोर्टमध्ये व्हीरॅम कॉम्प्रेस्ड. फक्त वहीचं पान ज्याले जवळून वाचा लागते, ते मोठं ठेवा.

जोडाक्षर

लांबी ७ बरोबरच आहे. गोदो युनिकोडची चिन्हं मोजतं, आपली अक्षरं नाही. प, ऱ, हलन्त, ह, काना, ट, दीर्घ वेलांटी, अशी ती सात. आपल्या लेखी तीनच: प, ऱ्हा, टी. चकतीवर स्ट्रिंगमधलं एकेक चिन्ह काढून ठेवलं तर एका घरात नुसती वेलांटी येईल, तीही टिंब-टिंबाच्या गोलावर बसलेली.

त्यापेक्षा स्ट्रिंग तोडायच्या भानगडीत पडूच नका. प्रत्येक चकतीसाठी हातानं अॅरे (यादी) लिहा. पहिलीवर प, स, क, रु, गा, ढे. दुसरीवर ऱ्हा, र, पा, ई, ठ, प. तिसरीवर टी, की, शी, स, डी, ठी. उत्तर म्हणून घरांचे क्रमांक साठवा, म्हणजे शून्य, शून्य, शून्य (मोजणी शून्यापासून), आणि सुरुवातीला चकत्या भलत्याच घरांवर उभ्या करा. तुलना आकड्यांची होईल.

जुळणी न होण्याचं कारणही सांगतो. "ऱ" तीन तऱ्हांनी टाइप होतो: एकच चिन्ह म्हणून, र आणि खालचा नुक्ता म्हणून, किंवा जोडाक्षरात र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही "ऱ्हा" सारखेच दिसतात, पण तुलनेत वेगळे निघतात. मोबाईलच्या कीबोर्डनं एक दिलं आणि लॅपटॉपच्या इनस्क्रिप्टनं दुसरं, की झालं. म्हणून मराठी गेममध्ये खेळणाऱ्याकडून शब्द टाइप करून घेऊच नये. चकत्या उत्तम.

फॉन्ट प्रोजेक्टमध्ये टाका: नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त, दोन्ही मोफत आहेत. गोदोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. तुमच्याकडे मराठी दिसतंय ते विंडोजचा फॉन्ट उसना घेऊन. वेब एक्सपोर्टमध्ये उसनं घ्यायला काही नसतं, तिथे चौकोन दिसतील. आणि दिवाणजीची चिठ्ठी एकेक अक्षर उमटत दाखवणार असाल तर लेबलच्या व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियरमध्ये "आफ्टर शेपिंग" निवडा. मूळ सेटिंगवर आधी "प", मग नुसता "ऱ", मग मोडका हलन्त असं लुकलुकत येतं, फार वाईट दिसतं.

रोजकीर्द

कोडं सुटत नाही याचं कारण गणित अवघड आहे हे नाही. ३४ टक्के उतारा (कापसातून निघणारी रुई) आणि १७० किलोची गाठ, या दोन्ही गोष्टी खोलीत कुठेच लिहिलेल्या नाहीत. कापसाच्या व्यवहारातल्या माणसाला त्या पाठ असतील, पण अभ्यासिकेतल्या नववीच्या पोराला त्या ठाऊक असाव्यात असं धरून चालता येत नाही. एस्केप रूमचा साधा दंडक आहे: उत्तराला लागणारं सगळं खोलीतच मिळालं पाहिजे.

त्यात १९५२ म्हटलं की किलोच चुकतो. वजनांची दशमान पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, नाण्यांची १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुईची गाठ ३९२ पौंडांची आणि खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे दोन गाठींची. बाजारात आजही रुईची खंडी ३५६ किलोच्या आसपास धरतात, ती तीच.

तेव्हा असं करा. खिडकीतून दिसणाऱ्या प्रेसवर पत्र्याची पाटी: "गाठ ३९२ पौंड". वहीत रुईच्या तीन नोंदी: ११७६, २७४४, १५६८. भागाकार केला की ३, ७, ४. हाच ड्रॉवरचा आकडा. नोंदी तारखेच्या क्रमानं ठेवा म्हणजे आकड्यांचा क्रमही ठरतो. पाच गाठींची नोंद मात्र टाळा. ती १९६० येते, आणि खेळणारे तिला साल समजून कॅलेंडर शोधत बसतील. कागद-पेन्सिल नसणाऱ्यासाठी टेबलावर पाटी ठेवा आणि तिच्यावर माऊसनं लिहिता येऊ द्या. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढायला लागला की खोलीचा माहोल गेला.

तराजूचं तुम्ही काही विचारलं नाही, पण त्यात एक खुबी आहे. मापं घ्या शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक, आणि त्यांच्यावर छटाकातला आकडा कोरा: १६, ८, ४, २, १. प्रत्येक माप एकेकच. सरकीची पुरचुंडी १३ छटाकांची ठेवली तर ती फक्त ८, ४, १ नंच तोलली जाते, म्हणून कुलूप ८४१. पण हे एकमेव उत्तर तेव्हाच, जेव्हा मापं एकाच पारड्यात ठेवता येतात. पुरचुंडीच्या बाजूलाही ठेवू दिली तर एकीकडे १६ आणि दुसरीकडे पुरचुंडीसोबत २ आणि १, असंही तोलतं, आणि खेळणारा १६-२-१ घेऊन कुलपाशी भांडतो. म्हणून पुरचुंडीच्या पारड्याला माप घेऊच देऊ नका.

तराजू फिजिक्सवर सोडू नका. रिजिड बॉडीची पारडी थरथरत राहतात आणि मापं घरंगळून जमिनीत जातात. दोन्हीकडची बेरीज पूर्णांकात करा, फरकाला २ अंशांनी गुणा, उणे १२ ते १२ मध्ये बांधा आणि दांडी ट्वीननं तेवढी झुकवा. फरक शून्य झाला की काटा मध्ये.

आणि भिंतीवर परवाना, नकाशा किंवा सरकारी शिक्का लावणार असाल तर त्यावर "महाराष्ट्र" येऊ देऊ नका. १९५२ मध्ये यवतमाळ मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. द्वैभाषिक मुंबई राज्यात विदर्भ आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला.

सरकीढेप

सगळ्यांचे आभार. मास्क १ आणि ३ केला, तसं चावी खरोखरच उघड्या ड्रॉवरमधूनही मिळेना. पाच बॉक्स टाकल्यावर लागली. परवान्यावर "महाराष्ट्र शासन"च लिहिलं होतं, बदलते. दोन गोष्टी राहिल्या. लाईट कधीही जाते आणि अभ्यासिकेतल्या मशीनला बॅटरी नाही, तर सेव्ह कसं ठेवू? आणि संकेत किती द्यावेत?

कडीकोयंडा

सेव्हमध्ये नोड नको, फक्त खुणा: कोणतं कुलूप उघडलं, खिशात काय आहे, चकत्या कुठल्या घरावर आहेत. खोली उघडताना त्या खुणांवरून ड्रॉवर थेट उघड्या जागी ठेवा, ट्वीन न चालवता. लिहायला कॉन्फिगफाईल बरी, ती आकड्याचा प्रकार जपते. जेसनमधून पूर्णांकही दशांश होऊन परत येतात. प्रत्येक कुलूप उघडलं की सेव्ह करा, पण थेट जुन्या फाईलवर नको. लिहिता लिहिता लाईट गेली तर शून्य बाइटची फाईल उरते आणि जुनीही गेलेली असते. आधी वेगळ्या नावाची फाईल पूर्ण लिहा, मग जुनीचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि नवीला तिचं नाव द्या. सुरू होताना मुख्य फाईल वाचता आली नाही तर बाजूची वाचा.

अभ्यासिकेत एकाच मशीनवर अनेक मुलं बसतील, तेव्हा सुरुवातीच्या पडद्यावर "नवा डाव" मोठा ठेवा, आणि चार-पाच नावांचे वेगळे सेव्ह. नाहीतर दुसऱ्याला तिजोरी आयती उघडी मिळेल.

रोजकीर्द

संकेत घड्याळावर नको, प्रगतीवर लावा. शेवटची नवी गोष्ट सापडल्यापासून चार मिनिटं गेली की पहिला संकेत, तो फक्त जागा दाखवणारा: प्रेसच्या पाटीवर उन्हाची तिरीप पडू दे. आणखी तीन मिनिटांनी दुसरा, दिवाणजीच्या चिठ्ठीतली ओळ: "गाठी मोजल्याशिवाय ड्रॉवर उघडू नये". त्यानंतरचा संकेत खेळणाऱ्यानं मागितला तरच, आणि तो सरळ रीत सांगणारा. आपोआप उत्तर कधीच देऊ नका.

अडकून पडण्याच्या वाटा बंद करा. वस्तू जमिनीवर टाकता येऊ नये, फक्त ठरलेल्या जागी ठेवता यावी. वापरलेली चावी कुलपातच राहू दे, नाहीतर शेवटपर्यंत ती खिशात पाहून लोक तिसऱ्या ड्रॉवरला लावत बसतात. आणि तीन आकड्यांचं कुलूप म्हणजे हजारच शक्यता, धीराचं पोर एकेक फिरवत बसेल. त्याला अडवू नका, पण ३७४ लागलं तरी आत पुढच्या कोड्याचा अर्धाच भाग ठेवा. उरलेला अर्धा वहीच्या त्याच पानावर.

चाचणीला कुणाला बसवाल तेव्हा मागं उभं राहून काही बोलू नका. तो कशावर क्लिक करतो आणि काहीच होत नाही, ते टिपून ठेवा. तिथं एकतर काही घडवा, नाहीतर ती वस्तू हाताळण्याजोगी दिसूच देऊ नका.

वऱ्हाडीइंजिन

जिनांची रांग नुसती खिडकीतून दाखवाले ठेवली का? शेवटचं कोडं लाईन शाफ्टच्या (साऱ्या यंत्रायले फिरवणारा लांब दांडा) पट्ट्याचं करा न. सरळ पट्टा दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरवते, आठाच्या आकड्यासारखा आडवा टाकला की दुसरं चाक उलटं. १२ इंची चाकावरून ६ इंचीवर पट्टा घेतला तर वेग दुप्पट. तीन चाकं, दोन पट्टे, अन् दरवाज्याचं चक्र उलट्या दिशेनं फिरलं पाह्यजे: एक पट्टा सरळ, एक आडवा. पट्टा खरा नोका फिरवू, टेक्श्चरचा यूव्ही सरकवा, आडव्या पट्ट्यासाठी वेगळं मॉडेल घ्या. लॅपटॉपले भारही पडत नाई.